हस्तकलेचं सामान शोधताना: कुठल्या दुकानात जायचं, काय मागायचं, काय तपासायचं

हस्तकलेचं साहित्य फक्त तशी पाटी असलेल्या दुकानातच मिळतं, हा नवख्यांचा पहिला गैरसमज. मॅक्रमेचा, म्हणजे दोराच्या गाठी मारून केलेल्या कामाचा, दोर हार्डवेअरवाल्याकडे रिळावर गुंडाळलेला असतो. वहीबांधणीचा पुठ्ठा कागदाच्या घाऊक दुकानात मागच्या भिंतीला टेकून उभा असतो. मोझाइकला लागणारे तुकडे टाइल्सवाल्याच्या फुटक्या मालात पडलेले असतात. अडचण एवढीच की तिथे या वस्तूंची नावं वेगळी असतात. व्हिडिओत ऐकलेलं नाव काउंटरवर उच्चारलं की "नाही" असं उत्तर येतं आणि गिऱ्हाईक परत फिरतं, सामान मात्र दुकानदाराच्या पाठीमागच्या फळीवरच असतं.

म्हणून नाव बाजूला ठेवा. वस्तू काय करणार आहे आणि तिचं माप काय, एवढं सांगा. "ज्वेलरी वायर आहे?" याला इलेक्ट्रिकच्या दुकानात नकारच मिळेल. हेच वेगळ्या शब्दांत मागून बघा:

"काका, तांब्याची उघडी तार हवी होती, पाऊण मिलिमीटरच्या आसपास. हाताने वाकली पाहिजे. दोन मीटर पुरे."

"कशाला हवी?"

"मणी ओवून पानं करायची आहेत."

"मग जाड वायर सोलून देतो, आत अशा तारा असतात. याहून बारीकही आहे, दाखवू?"

"कशाला हवी?" हा प्रश्न चौकशीचा वाटला तरी टाळू नका. नेमकं उत्तर दिलंत, तर तुम्हाला माहीत नसलेल्या दोन वस्तू समोर येतात.

घरून निघण्याआधी

यादीत वस्तूच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: माप, नग आणि "काय चालणार नाही". शेवटचा रकाना सगळ्यांत उपयोगी, कारण दुकानात हवी ती वस्तू नसली की तिच्या जागी दुसरी दाखवली जाते आणि त्या घाईत निर्णय घ्यावा लागतो. "दोर, ४ मिमी, ८५ मीटर, चकाकणारा नको, आत प्लॅस्टिकचा गाभा नको" असं लिहिलेलं असेल, तर नाही म्हणायला दोन सेकंद पुरतात.

नगांचा हिशेबही घरीच करा. मॅक्रमेत गाठींमध्ये बराच दोर जातो. साधारण नियम असा, की प्रत्येक लोंबता पदर तयार लांबीच्या चौपट धरायचा. दोर मध्ये दुमडून काठीला अडकवला जातो, म्हणजे कापताना तो आठपट. ६० सेंमी लांबीच्या तोरणाला १६ दोर लावायचे असतील, तर एक दोर ४.८ मीटरचा, १६ दोरांचे ७६.८ मीटर, वर दहा टक्के धरून ८५ मीटर. गाठी दाट असतील तर चौपटीच्या जागी पाचपट धरा. मण्यांचं गणित सोपं: ४५ सेंमीच्या माळेत फाशाला दीड सेंमी गेला, तर उरलेल्या ४३५ मिमीत ८ मिमीचे ५४ मणी बसतात. ६० घ्या, कारण सुट्या मण्यांत दोन-चार तरी फुटक्या भोकाचे निघतातच.

पिशवीत टाकायच्या वस्तू थोड्याच आहेत: १५ सेंमीची स्टीलची पट्टी, मोजपट्टी, छोटं लोहचुंबक, तुम्ही वापरणार ती सुई, ओला करून डबीत ठेवलेला पांढऱ्या कापडाचा तुकडा आणि आधीच्या सामानाचे नमुने. नमुन्याच्या जागी फोनमधला फोटो चालत नाही. पडद्यावरचा निळा आणि कापडाचा निळा यांचं कधी जमत नाही.

कागद आणि पुठ्ठा

स्टेशनरीच्या दुकानात "जाड कागद" मागितला की प्रत्येक जण वेगळं काहीतरी काढून देतो. जीएसएममध्ये मागा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम ते. छपाईचा रोजचा कागद ७० ते ८० चा, शुभेच्छापत्राचं कार्ड २०० ते ३०० चं. पाकिटावर आकडा नसेल आणि दुकानात काटा असेल, तर एक युक्ती आहे. ए४ मापाचे १६ कागद मिळून जवळपास एक चौरस मीटर भरतात, त्यामुळे १६ कागदांचं ग्रॅममधलं वजन म्हणजेच त्याचा जीएसएम.

नवखे लोक हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे कागदाची धार, म्हणजे तंतूंची दिशा. यंत्रावर कागद बनताना तंतू बहुतेक एकाच दिशेने बसतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती स्वच्छ बसते. आडवी घातली तर जाड कार्डाची घडी तडकते, रंगीत थर उलतो आणि आतला पांढरा कागद दिसतो. धार ओळखायला कागद न मुडपता नुसता वाकवून बघा, आधी लांबीच्या बाजूने, मग रुंदीच्या. ज्या दिशेने तो सहज वळतो, त्या वळणाच्या रेषेला तंतू समांतर असतात. फरक कळत नसेल तर घरी त्याच कागदाचा छोटा चौकोन एका बाजूने ओला करा. तो गुंडाळायला लागेल, आणि त्या नळीची लांबी हीच तंतूंची दिशा. कार्ड मोठ्या तावातून कापून घेणार असाल, तर कापण्याआधीच सांगा. एकदा सुरी चालली की दुकानदार तरी काय करणार?

वहीच्या कडक मुखपृष्ठाला २ मिमीचा करडा पुठ्ठा पुरतो. धार पाठीला, म्हणजे बांधणीच्या बाजूला समांतर हवी, नाहीतर खळ लागली की मुखपृष्ठ कमानीसारखं वाकतं आणि वजनाखाली ठेवूनही पुरतं सरळ होत नाही. पुठ्ठा निवडताना ताव डोळ्यांच्या रेषेत आडवा धरा. दुकानातच वाकलेला असेल तर घेऊ नका. कोपरे दबलेले चालतील, ते तसेही कापून जातात.

तार

तारेच्या बाबतीत घोळ होतो तो गेजमुळे, म्हणजे जाडी सांगणाऱ्या क्रमांकामुळे. आकडा मोठा तेवढी तार बारीक, हे एकदा लक्षात राहतं. मात्र गेजची मापं दोन आहेत हे बहुतेकांना माहीतच नसतं. २० गेज ब्रिटिश एसडब्ल्यूजीत ०.९१ मिमी, अमेरिकन एडब्ल्यूजीत ०.८१ मिमी. २४ गेजला हेच आकडे ०.५६ आणि ०.५१. मण्याचं भोक तंग असेल तर एवढा फरक पुरतो, तार आत जातच नाही. त्यामुळे मिलिमीटरमध्येच मागा. जाडी तपासायला तार पेन्सिलीवर एकमेकींना चिकटून २० वेढे गुंडाळा, वेढ्यांची एकूण लांबी मोजा आणि २० ने भागा. १६ मिमी भरली तर तार ०.८ ची.

मग लोहचुंबक लावा. तांब्याच्या रंगाची तार चिकटली, तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. ती कडक असते, पक्कडीत ओरखडते आणि ओरखड्यावर गंज धरते. चिकटली नाही तरी वाकवून बघा. मऊ तार वाकवली तिथेच राहते, स्प्रिंगसारखी मागे येणारी गुंडाळीच्या कामाला नको. मऊ तारही एकाच जागी चार-पाचदा मागेपुढे केली की ताठ होते आणि तुटते. तो मालाचा दोष नव्हे, बहुतेक धातूंचं तेच.

मोटर गुंडाळायची तार दिसायला सुरेख, तपकिरी-नारिंगी झाकेची. तिच्यावर इनॅमलचा थर असतो. तशीच वापरायला हरकत नाही, पण तो थर जाळून काढू नका, धूर वाईट असतो. सळया बांधायची काळी तार स्वस्त आणि मऊ, कागदाच्या लगद्याच्या पुतळ्याला आतून सांगाडा म्हणून तिचा मोह होतो. ओल्या लगद्यात ती गंजते आणि महिन्याभराने पांढऱ्या रंगातून तांबूस डाग वर येतात. एकतर जस्ताचा मुलामा असलेली घ्या, किंवा काळीवर चिकटपट्टी गुंडाळूनच लगदा चढवा.

गोंद: इथे सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात

"चांगला गोंद द्या" असं म्हणू नका. चांगला गोंद असा एक नसतो. आधी स्वतःला विचारा: चिकटवायचे दोन पृष्ठभाग कोणते, त्यांतला एक तरी पाणी शोषतो का, आणि सांधा नंतर वाकणार आहे का?

पांढरा पीव्हीए गोंद त्यातलं पाणी निघून गेल्यावर धरतो. लाकूड, कागद, कापड, पुठ्ठा यांत पाणी जिरतं. काच आणि धातू यांच्यामध्ये ते अडकून राहतं, म्हणून तिथे हा गोंद आठवडाभर मऊच सापडतो. लाकडाचा सांधा अर्धा ते एक तास दाबून ठेवा आणि भार मात्र २४ तासांनंतरच द्या. पातळ कागदाला सुरकुत्या पडतात त्या याच पाण्यामुळे, तिथे काडीचा गोंद बरा. बाटली घेताना उलटी करून बघा. गोंद संथपणे सरकला पाहिजे. गुठळ्या असतील किंवा झाकण उघडल्यावर आंबट वास येत असेल तर ती परत ठेवा.

चामडं, रबर, फोम यांना रबरी गोंद, चपलांच्या दुरुस्तीचा. दोन्ही बाजूंना पातळ थर लावायचा, १० ते १५ मिनिटं थांबायचं आणि बोटाला चिकटेनासा झाला की जोडायचं. ओला असतानाच जोडला तर आत फुगे राहतात. एकदा टेकला की सरकवता येत नाही, म्हणून आधी पेन्सिलीने खुणा करा. थर्माकोलवर हा लावू नका, त्यातलं द्रावण थर्माकोल खाऊन खड्डा पाडतं. काम खिडकी उघडी ठेवून करायचं.

झटपट चिकटणारा गोंद हवेतल्या ओलाव्याने पकडतो, त्यामुळे एक थेंब धरतो आणि चार थेंब नुसते ओघळतात. चकचकीत मण्यांजवळ लावला तर भोवती पांढुरकी धूसर कड येते. ताणल्या जाणाऱ्या दोऱ्याच्या गाठीवर लावलात, तर गाठ ठिसूळ होऊन नेमकी तिथेच तुटते. आणि एक गोष्ट पाठच करा: सांडलेला हा गोंद कापसाने किंवा सुती फडक्याने पुसायचा नाही. सुताला लागला की तो एवढा तापतो की भाजतं.

धातू, काच, दगड यांना दोन नळ्यांचा इपॉक्सी. दोन्ही नळ्यांतून सारखा भाग घ्यायचा. अंदाजाने कमी-जास्त झाला की सांधा कायमचा चिकट राहतो. पाच मिनिटांचा प्रकार पाच मिनिटांत घट्ट होतो, पण पूर्ण ताकद यायला कित्येक तास जातात. या नळ्यांतला इपॉक्सी साच्यात ओतायचं रेझिन म्हणून वापरू नका. जाड थर स्वतःच्याच उष्णतेने तापतो, तडकतो आणि पिवळा पडतो. ओतायचं रेझिन वेगळं असतं आणि त्याचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, कधी वजनाने, कधी मापाने. ते नीट वाचा.

गरम गोंदाच्या कांड्या ७ मिमी आणि ११ मिमी अशा दोन जाडीच्या मिळतात. जुनी कांडी सोबत न्या, नाहीतर बंदूक एका मापाची आणि कांड्या दुसऱ्या.

दोर, लोकर, कापड

दोराचं कापलेलं टोक बघितल्याशिवाय दोर घेऊ नका. सगळं तिथे दिसतं: पिळाचा आहे की विणलेला, आत गाभा आहे का, सूत आहे की कृत्रिम धागा. खाली विंचरून झालर सोडायची असेल तर पिळाचाच हवा. विणलेला दोर उसवताना नुसता गुंता होतो. वजनावर विकत असतील, तर आधी १० मीटर मोजून त्याचं वजन करायला सांगा, म्हणजे तुमचे ८५ मीटर किती किलोत बसतात ते कळेल. सूत असल्याचा दावा पटत नसेल तर एक धागा घरी आणून चिमट्यात धरून बशीवर पेटवा. सूत जळत्या कागदासारखा वास देतं आणि मऊ राख सोडतं. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि तिची गोळी बोटांत चुरडते. ही परीक्षा दुकानात करायची नाही, हे सांगायला नको.

लोकरीच्या गुंडीवरच्या कागदी पट्टीवर रंगाच्या क्रमांकाबरोबर लॉट क्रमांकही असतो, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा क्रमांक. रंग तोच आणि लॉट वेगळा असेल, तर दुकानात फरक दिसत नाही. स्वेटर पूर्ण झाल्यावर मात्र छातीवर आडवी रेघ उठून दिसते. सगळ्या गुंड्यांचे लॉट जुळवा आणि एक जास्तीची घ्या. नाइलाजाने दोन लॉट घ्यावे लागले, तर सांध्याच्या आठ-दहा ओळींत दोन ओळी याच्या, दोन त्याच्या अशा आलटून पालटून विणा. रेघ बरीच लपते.

कापडाचा भाव मीटरवर असतो, पण पन्हा विचारल्याशिवाय त्या भावाला अर्थ नाही. ३६ इंची पन्ह्याचं स्वस्त कापड ५८ इंचीपेक्षा महाग पडू शकतं. ओला पांढरा तुकडा कापडाच्या कोपऱ्यावर दहा-बारा वेळा चोळा. रंग उतरला तर ते कापड पांढऱ्या कापडाशेजारी जोडू नका. मांजरपाट किंवा कोरं सुती कापड दहा टक्के जास्त घ्या आणि कापायच्या आधी धुऊन घ्या, आटेल ते आधीच आटू दे. रंगसंगती दुकानातल्या दिव्यांखाली ठरवू नका. दोन्ही तुकडे दाराशी, उजेडात नेऊन बघा. दिव्याखाली जुळणारे दोन लाल रंग उन्हात परके वाटतात, हे शिवणाऱ्या कुणालाही विचारा.

रंग, प्लास्टर आणि औषधांचं दुकान

रंगाच्या डब्यावर ब्रश कशाने धुवायचा ते वाचा. पाण्याने म्हटलं असेल तर पाण्याचा रंग, टर्पेंटाइन म्हटलं असेल तर तेलाचा. तेलाच्या चकचकीत थरावर पाण्याचा रंग धरत नाही, सालं निघतात. ॲक्रिलिक वाळल्यावर ओल्या बोटाने निघत नाही, पोस्टर रंग निघतो, त्यामुळे वरून पाण्याचं वॉर्निश लावायचं असेल तर पोस्टर रंग पसरतो. फवाऱ्याचा रंग थर्माकोलवर मारण्याआधी एका तुकड्यावर मारून बघा, बहुतेक फवारे त्याला विरघळवतात.

प्लास्टर ऑफ पॅरिस सुटं घेताना जुनी पिशवी नको. हवेतला ओलावा धरलेली पूड एकतर फार उशिरा आळते, नाहीतर आळतच नाही. घरी आणल्यावर साच्यात ओतण्याआधी चाचणी घ्या: एक वाटी पाण्यात साधारण दोन वाट्या पूड हळूहळू भुरभुरवा. पाणी पुडीत ओतलं की गुठळ्या होतात, म्हणून क्रम हाच. अर्ध्या तासात घट्ट झालं नाही तर माल शिळा. आळताना प्लास्टर चांगलंच तापतं, त्यामुळे हाताचा ठसा घेण्यासाठी हात त्यात बुडवून ठेवायचा प्रयोग करू नका. त्याने माणसं गंभीर भाजली आहेत. हाताच्या ठशाला अल्जिनेट नावाची, पाण्यात कालवून रबरासारखी होणारी पूड वापरतात.

औषधांच्या दुकानात सुईशिवाय सिरिंज मिळते, ५ किंवा १० मिलिलिटरची. बारीक जागी गोंद सोडायला आणि रेझिन मोजायला यासारखं साधन नाही. जाळीचं ड्रेसिंगचं कापड कागदाच्या लगद्याखाली ताकद देतं. हातमोजे तिथूनच घ्या.

फुकटचं सामान

फोटोफ्रेमवाल्याकडे माउंटबोर्डचे, म्हणजे फोटोभोवतीच्या जाड पुठ्ठ्याचे, मधले तुकडे उरतात, शिंप्याकडे कतरण, सुताराकडे प्लायच्या पट्ट्या, छापखान्यात कागदाच्या कापलेल्या कडा. मागायची वेळ महत्त्वाची. गिऱ्हाइकांची गर्दी असताना नको, दुकान नुकतंच उघडलेलं असताना जा. स्वतःची पिशवी न्या, "हाताएवढे तुकडे, एक पिशवीभर" असं माप सांगा आणि ढिगात निवडत बसू नका. मिळेल ते उचला, निवड घरी. प्लायच्या तुकड्यांवर लोहचुंबक फिरवा. आत राहिलेला एक खिळा करवतीचं पातं घालवतो.

काही ठिकाणी मात्र काटकसर नको. कटरची पाती चांगली घ्या (९ मिमी आणि १८ मिमी अशी दोन मापं असतात, कटर बघून घ्या), बोथट पातं जास्त जोर मागतं आणि घसरतं. धुळीचा मास्क रंगाच्या वाफा अडवत नाही, फवाऱ्याला वाफा अडवणारा वेगळा लागतो. लहान मुलांच्या खेळण्यांना हार्डवेअरचे रंग देऊ नका, मुलांसाठी सुरक्षित असं डब्यावर लिहिलेलेच वापरा.

न कापलेला माल परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि हो म्हणाले तर बिलावर लिहून घ्या. कापून दिलेली वस्तू कुणीच परत घेत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. घरी आल्यावर प्रत्येक वस्तूचा छोटा तुकडा एका कार्डावर चिकटवा. त्याखाली दुकान, तिथे ती ज्या नावाने मिळाली ते नाव, माप, लॉट क्रमांक आणि तारीख लिहा. पुढच्या वेळी यादीऐवजी हे कार्डच काउंटरवर ठेवा.